ऑक्टोबरफेस्टला मित्रांसोबत जाताय? आधी बाकाचा विचार करा

ऑक्टोबरफेस्ट या जर्मनीतल्या म्युनिकच्या बिअर-उत्सवाबद्दल विचारणाऱ्यांचे पहिले प्रश्न बिअरचेच असतात. कोणती चांगली, केवढ्याला मिळते, किती झेपेल. पण तिथल्या मैदानावर बिअर कधी कमी पडत नाही, कमी पडते ती बसायला जागा. मोठ्या तंबूंत बसलेल्यालाच बिअर मिळते. वेट्रेस टेबलापाशी येते आणि वाटेत उभ्या असलेल्या माणसाकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे पाच-सहा जणांची टोळी घेऊन जाणाऱ्याने तारीख, वार, वेळ, मुक्काम, तंबू हे सगळं एकाच प्रश्नाभोवती ठरवावं: आपल्याला एकत्र बसायला एक लाकडी बाक कसा मिळेल? पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी कॅलेंडर काढा

नावात ऑक्टोबर असला तरी उत्सवाचा मोठा भाग सप्टेंबरात उरकतो. १८१० साली बव्हेरियाचा (म्युनिक ज्या प्रांताची राजधानी, त्याचा) युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसे यांचं लग्न १२ ऑक्टोबरला झालं, त्या निमित्ताने गावाबाहेरच्या कुरणात घोड्यांची शर्यत झाली आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. पुढे थंडी-पावसाला कंटाळून लोकांनी ती सप्टेंबरात ओढली. मैदानाला मात्र अजूनही त्या नवरीचंच नाव आहे: थेरेसिएनवीझं. म्युनिककर लाडाने नुसतं ‘वीझन’ म्हणतात.

आता नियम असा: १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी सुरुवात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शेवट. तो रविवार १ किंवा २ तारखेला आला, तर उत्सव ३ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीपर्यंत लांबतो. २०२६ मध्ये तो १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आहे. त्या वर्षी गणपती १४ सप्टेंबरला बसतात, २५ ला अनंत चतुर्दशी आणि लगेच पितृपक्ष. म्हणजे घरी दहा दिवसांचा गणपती असलेल्यांना दुसरा आठवडाच मोकळा सापडेल, आणि तोही टोळीत पितृपक्ष पाळणारं कुणी नसेल तर. विमानाची तिकिटं काढायच्या आधी हे प्रत्येकाच्या घरी विचारून घ्या. ऐनवेळी एकाने माघार घेतली की खोल्यांचा आणि टेबलाचा सगळा हिशेब बिघडतो. (२ ऑक्टोबरला आपल्याकडे दारूची दुकानं बंद असतात. तिथे तो ३ ऑक्टोबरच्या सुट्टीचा आदला दिवस असतो, त्यामुळे जास्तच गर्दी.)

वार सोमवार ते गुरुवार यांतलाच निवडा. शनिवारी जगभरातून आलेले लोक आणि आसपासच्या गावांतले लोक एकाच वेळी मैदानात उतरतात. २७ सप्टेंबर २०२५ च्या शनिवारी दुपारी इतकी गर्दी उसळली की प्रशासनाला मैदानाचे दरवाजे काही काळ बंद करावे लागले. उत्सवाला येणाऱ्यांचा आकडा साधारण ६०-७० लाखांच्या घरात जातो, तेव्हा यात नवल काही नाही. पहिला शनिवार तर पर्यटकाने सोडूनच द्यावा. दुपारी १२ ला शॉटेनहामेल तंबूत महापौर पहिल्या पिंपाला तोटी ठोकतात, ‘ओ त्साप्फ्ट इस’ म्हणजे ‘पिंप फोडलं’ अशी आरोळी होते आणि त्यानंतरच सगळीकडे बिअर सुरू होते. तो क्षण तंबूत बसून बघायचा म्हणजे पहाटेपासून रांग आणि मग कोरड्या घशाने तासन्‌तास बसणं. त्याऐवजी पहिल्या रविवारी सकाळी शहरातून निघणारी पारंपरिक पोशाखांची मिरवणूक बघा. हजारो लोक, बँडपथकं, बिअरची पिंपं ओढणारे घोडे, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट.

व्हिसा आणि मुक्काम

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरच्या प्रवासासाठी तो एप्रिल-मेमध्येच टाका, कारण जून-जुलैत भेटीच्या वेळा मिळणं अवघड होतं. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि मोठ्यांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे. टोळीने युरोप दौऱ्यात दोन-तीन देश करायचे असतील, तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. म्युनिकला दोन रात्री आणि पॅरिसला चार असतील, तर जर्मनीचा नाही, फ्रान्सचा व्हिसा. सगळ्यांनी एकच कार्यक्रम आणि एकच आरक्षण दाखवून अर्ज केले म्हणजे प्रश्न कमी येतात.

मुक्कामाचं सांगायचं तर या दिवसांत म्युनिकमधल्या हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. मैदानाला चालत जाता येईल अशी खोली मिळवण्यासाठी वर्षभर आधी हात-पाय मारणारे लोक आहेत. मला विचाराल तर त्या धडपडीत पडू नका. आउग्सबुर्ग म्युनिकपासून रेल्वेने ३०-४५ मिनिटांवर आहे, लांड्सहुट आणि इंगोलश्टाट साधारण तासाभराच्या आत. ही गावं स्वतःच बघण्यासारखी आहेत आणि खोल्या परवडतात. ‘बायर्न तिकीट’ एकत्र पाच जणांपर्यंत चालतं आणि त्यावर बव्हेरियातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या व म्युनिकची मेट्रोही येते. अट एकच, सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं. म्युनिकातच राहिलात, तर शहर वाहतुकीचं गटाचं दिवसाचं तिकीट घ्या, तेही पाच जणांचं. पाच हा आकडा लक्षात ठेवा. सहावा आला की तिकिटापासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे गणित हलतं, आणि बाकाचंही.

टेबल आरक्षित करायचं की तसंच जायचं?

मैदानात आणि तंबूत प्रवेश फुकट आहे. कुणी ‘ऑक्टोबरफेस्टचं प्रवेश तिकीट’ विकत असेल, तर तिथूनच पाठ फिरवा. पैसे लागतात ते आरक्षित टेबलाला, आणि तेही टेबलाचं भाडं म्हणून नव्हे. एक टेबल आठ किंवा दहा जणांचं असतं. ते राखून ठेवायचं तर माणशी ठरावीक रकमेची कुपनं आधी विकत घ्यावी लागतात. साधारणपणे दोन लिटर बिअर आणि अर्धी कोंबडी. तंबूत गेल्यावर ती कुपनं वापरायची. प्रत्येक तंबूचा मालक वेगळा आणि आरक्षणाची साइटही वेगळी, मध्यवर्ती खिडकी नाही. वसंत ऋतूत या साइट्स उघडतात आणि शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी बघता बघता संपतात, कारण जुन्या गिऱ्हाइकांना आधी विचारलं जातं.

तुम्ही आठ-दहा जण असाल, तर आठवड्यातल्या मधल्या दिवसाची दुपार मागा. ती मिळण्याची शक्यता बरी असते. परक्या साइटवर हजारो युरोंना विकली जाणारी टेबलं घेऊ नका. तंबूमालकाच्या संमतीशिवाय हस्तांतरित केलेलं आरक्षण दारावर नाकारलं जाऊ शकतं, आणि मग तुमच्या हातात महागडा छापील कागद उरतो.

पाच किंवा त्याहून कमी असाल, तर आरक्षणाचा विचारही सोडा. मोठ्या तंबूंना काही जागा बिनआरक्षित ठेवावीच लागते आणि दिवसा ती भरपूर असते. तंबू सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ला आणि शनिवार-रविवारी ९ ला उघडतात. आठवड्यातल्या दिवशी ११ च्या आत आत शिरलात, तर मनासारखं टेबल निवडता येतं. १ वाजता जागा शोधावी लागते, ४ ला ती मागावी लागते, आणि ६ नंतर दार बंद दिसलं तर आश्चर्य मानू नका.

जागा मागायची पद्धतही साधी आहे. टेबलावर आरक्षणाची चिठ्ठी आहे का बघायचं. बरेचदा त्यावर वेळ लिहिलेली असते आणि त्या वेळेपर्यंत बसायला हरकत नसते. चिठ्ठी नसेल तर बसलेल्यांना ‘इस्त हिअर नोख फ्राय?’ म्हणजे इथे जागा रिकामी आहे का, असं विचारायचं. जर्मन माणूस एरवी अनोळखी माणसाशी बोलायला वेळ घेतो, इथे मात्र तो सरकून जागा देतो आणि दहा मिनिटांत तुमच्या मगाला मग भिडवतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली सवय मात्र इथे चालत नाही. चार जणांनी बसून दहा जणांची जागा अडवली, तर वेट्रेसच येऊन जाकिटं उचलायला सांगते. सगळे सोबत आत या. मागून येणाऱ्याला आत घेता येईल याची कुणीही हमी देऊ शकत नाही, कारण तंबू भरला की दार लागतं आणि सिगरेटला बाहेर गेलेला मित्रही बाहेरच राहतो. (तंबूत धूम्रपानाला बंदी आहे. काही तंबूंना धूम्रपानासाठी वेगळी गच्ची आहे. सिगरेट ओढणाऱ्यांनी असा तंबू शोधावा, किंवा त्या दुपारी कळ काढावी.)

जागा नाहीच मिळाली तर तंबूबाहेरच्या बिअर गार्डनमध्ये बघा. बिअर तीच, खाणं तेच, ऊन असेल तर आतल्यापेक्षा बरं, आणि बोललेलं ऐकू येतं. चार मित्रांना गप्पा मारायच्या असतील, तर मी बाहेरच बसेन.

तंबू कोणता?

मोठे तंबू १४ आहेत आणि वीसेक छोटे. बिअर मात्र सहाच कंपन्यांची: ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, लोवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. म्युनिक शहराच्या हद्दीत गाळलेली बिअरच इथे चालते. चवीत फरक आहे, पण तंबू त्यावरून निवडू नका, माणसांवरून निवडा.

होफब्रॉय तंबूत परदेशी पर्यटक सर्वांत जास्त. ऑस्ट्रेलियन, अमेरिकन, इटालियन सगळे. मोठ्या तंबूंत उभं राहून बिअर पिता येते ती मुख्यतः इथल्या खास उभ्या जागेतच, त्यामुळे बाक न मिळालेल्या टोळीला हा शेवटचा आधार. गोंधळ अफाट असतो. पंचविशीतल्या मंडळींना आवडेल, चाळिशीतल्यांना अर्ध्या तासात नको होईल.

ऑगस्टिनरचा तंबू याच्या उलट. म्युनिककरांचा आवडता, कुटुंबं येतात, आणि बिअर अजूनही २०० लिटरच्या लाकडी पिंपांतून काढतात. सकाळी लवकर जाण्याची तयारी असेल, तर माझी पहिली पसंती हीच. हाकरच्या तंबूचं छत निळ्या आकाशासारखं रंगवलेलं आहे, फोटो तिथे चांगले येतात. लोवेनब्रॉयच्या दारावरचा भला मोठा सिंह डरकाळी फोडत बिअर पितो. शॉटेनहामेल तरुणांचा. फिशर-व्रोनीत काठीला लावून निखाऱ्यावर भाजलेला मासा मिळतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला तो मसाल्याविना जरा अळणी वाटेल, पण वास तंबूबाहेरूनच ओढतो. ऑक्सनब्राटेराय या तंबूत १८८१ पासून अख्खा बैल सळईवर भाजतात. टोळीत गोमांस न खाणारे असतील, तर हा तंबू टाळणंच बरं.

वयाने मोठी मंडळी सोबत असतील, तर मैदानाच्या दक्षिणेला ‘ओइडं वीझन’ नावाचा जुन्या पद्धतीचा भाग भरतो का, ते त्या वर्षीच्या कार्यक्रमात बघा. २०१० साली उत्सवाला २०० वर्षं झाली तेव्हा तो सुरू झाला. आत जायला थोडं तिकीट लागतं, त्यामुळे गर्दी आपोआप गाळली जाते. जुने पाळणे, लोकनृत्य, मातीच्या मगातून बिअर.

काय घालायचं, काय न्यायचं

पारंपरिक पोशाख सक्तीचा नाही. पुरुषांची लेदरहोझन (चामड्याची विजार) आणि बायकांचं डिर्न्डल (एप्रन असलेला घेरदार झगा) घातलेलं चांगलं दिसतं, पण स्टेशनाबाहेर मिळणारा पातळ, स्वस्त नकली जोड विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा जुन्या कपड्यांच्या दुकानातून घ्या. डिर्न्डलच्या एप्रनची गाठ उजवीकडे म्हणजे जोडीदार आहे, डावीकडे म्हणजे नाही, असा संकेत आहे. मैत्रिणींना हे आधीच सांगून ठेवा. जीन्स-शर्टमध्ये गेलात तरी कुणी काही म्हणत नाही. सप्टेंबरअखेर सकाळी चांगलाच गारवा असतो, तंबूत उकडतं, संध्याकाळी पाऊस येऊ शकतो. काढता-घालता येणारं जाकीट आणि बंद बूट घाला. सँडल नको, जमिनीवर काचा असतात.

पाठीवरची सॅक मैदानात नेता येत नाही. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी चालत नाही, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर लांब, १५ उंच, १० रुंद. काचेची बाटलीही नाही. विमानतळावरून थेट मैदानावर यायचा बेत असेल, तर सामान मुख्य स्टेशनवर किंवा हॉटेलात टाका. मैदानाबाहेर पैसे घेऊन सामान ठेवतात, पण संध्याकाळी तिथे रांग लागते. मूळ पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत, छायाप्रत खिशात. आणि रोख रक्कम हवीच. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण बारा मग छातीशी धरून आलेल्या वेट्रेसला रोखीचा व्यवहार सोपा पडतो.

खर्चाचा अंदाज असा. २०२५ मध्ये लिटरचा मग १४.५० ते १५.८० युरोंच्या दरम्यान होता, अर्धी कोंबडी तंबूनुसार पंधरा-वीस युरोंच्या आसपास. दोन मग, जेवण, एखादा पाळणा आणि टिप धरून माणशी ६०-७० युरो धरा. युरो शंभर रुपयांच्या आसपास मानला तर सहा-सात हजार रुपये. टिप देताना कंजुषी नको. वेट्रेसला विक्रीवर टक्केवारी मिळते, ती कोणत्या टेबलाकडे आधी येणार हे ती पहिल्या फेरीतच ठरवते. १५ च्या मगाला १६-१७ दिलेत, तर दुसरा मग मागायला हात वर करावा लागत नाही. हिशेब फेरीगणिक लगेच चुकता करायचा असतो. प्रत्येकाने पाकीट काढण्यापेक्षा सकाळीच कॉन्ट्री जमा करून एकाला खजिनदार नेमा.

तो दिवस

मेट्रोचं थेरेसिएनवीझं स्टेशन अगदी दारात आहे आणि म्हणूनच ते टाळायचं. गोएथेप्लाट्झ किंवा पोचिश्ट्रासेला उतरा, लोकलने आलात तर हाकरब्र्युकेला. मुख्य स्टेशनवरून पायी १५-२० मिनिटं लागतात आणि लेदरहोझनवाल्यांच्या मागे चालत गेलं तरी रस्ता चुकत नाही. मुख्य प्रवेशद्वारापाशी २६ सप्टेंबर १९८० च्या बॉम्बस्फोटाचं स्मारक आहे. त्या रात्री हल्लेखोरासह १३ जण गेले. दोन मिनिटं थांबून पुढे व्हा.

आत शिरल्याबरोबर भेटायची जागा ठरवा, आणि ती मैदानाबाहेरची ठेवा. गर्दीत फोनचं नेटवर्क दगा देतं. मैदानाच्या कडेला असलेल्या ‘बव्हेरिया’च्या भव्य पुतळ्याखाली भेटू, असं प्रत्येक जण ठरवतो, त्यामुळे तिथे कुणीच कुणाला सापडत नाही. ‘चुकामूक झाली तर आठ वाजता गोएथेप्लाट्झ स्टेशनचा जिना’ असं काहीतरी पक्कं सांगा.

पाळणे आणि खेळ आधी उरका. पोटात लिटरभर बिअर गेल्यावर पाच वळशांच्या रोलर कोस्टरवर बसायची हौस वाटते, ती शेजारच्याला महागात पडते. आठवड्यातल्या दिवशी सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत बरेच जण दुपारच्या सवलतीचे दर लावतात आणि मंगळवार हा कुटुंबांचा सवलतीचा दिवस. मोठ्या चक्रापेक्षा जुन्या गमती बघा: फिरत्या लाकडी तबकडीवरून माणसं भिरकावणारं टॉयफेल्सराट, प्रेक्षकातल्या माणसाचं गिलोटिनने ‘मुंडकं उडवणारा’ शिख्टल नावाचा खेळ, आणि चक्क पिसवांची सर्कस. पण हे सगळं ११ च्या आत आटपेल इतकंच, नाहीतर बाक गेला. बाक महत्त्वाचा वाटत असेल तर आधी तंबू, आणि खेळ दुसऱ्या दिवशी.

तंबूत संध्याकाळी ६ पर्यंत बँड हळू आवाजात पितळी वाद्यांवर पारंपरिक गाणी वाजवतो. ६ नंतर पॉप गाणी सुरू होतात आणि लोक बाकांवर चढतात. बाकावर उभं राहून नाचायला मुभा आहे, टेबलावर नाही. टेबलावर चढलात की सुरक्षारक्षक थेट दार दाखवतो. दर थोड्या वेळाने बँड ‘आइन प्रोझिट’ची धून धरतो, तेव्हा सगळा तंबू मग उंचावतो. मग भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मगाचा जाड तळ भिडवायचा, वरची कड फुटते. तंबूतला मग आठवण म्हणून उचलून आणू नका, ती चोरी धरतात आणि दारावर पकडतात. विकत मिळतो तो आणा, पावती ठेवा.

लिटर म्हणजे नेमकं किती

इथली बिअर साधारण ६ टक्क्यांची असते आणि मोठ्या तंबूत लिटरपेक्षा छोटं माप मागून मिळत नाही. म्हणजे एका मगात ६० मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ६५० मिलीच्या साध्या बाटलीत तीसेक मिली असतं, तेव्हा एक मग म्हणजे जवळजवळ दोन बाटल्या, किंवा व्हिस्कीचे साठचे सव्वादोन पेग. चव गोडसर, गुळगुळीत, कडवटपणा कमी. म्हणूनच फसायला होतं. दोन मग हा बहुतेकांचा दिवस असतो. दोघांत तिसरा घेतला तर चालेल. ‘मी पाच मारले’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकून पुढे जाऊ नका. पुतळ्याखालच्या गवताच्या उतारावर दुपारी तीनलाच आडवे झालेले लोक दिसतील, ते सगळे तसंच कुणाचं तरी ऐकलेले.

मधला मग रादलरचा घ्या. अर्धी बिअर, अर्धं लिंबू सरबत, तंबूत त्याला कुणी हसत नाही. न पिणाऱ्याने बिनदारूची बिअर, स्पेत्सी नावाचं कोला-संत्र्याचं मिश्रण किंवा सफरचंदाचा सोडा घ्यावा. टेबलावर त्याच्यामुळे कुणाचं काही अडत नाही. उलट परतीच्या वाटेवर टोळी मोजायला एक शुद्धीतला माणूस लागतोच. पहिला मग येण्याआधी काहीतरी खा, रिकाम्या पोटी सुरुवात नको.

शाकाहारी मंडळी काय खातील

भाजलेल्या कोंबड्या, डुकराचे पाय आणि सॉसेज यांच्या वासात शाकाहारी माणूस उपाशी राहील असं वाटतं, पण तसं नाही. ताटाएवढं ब्रेत्झन, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारा पाव, आणि सोबत ओबात्सडा, म्हणजे मऊ चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका एकत्र कालवून केलेलं चटणीवजा प्रकरण. हे दोन जणांना पुरतं आणि बिअरबरोबर याच्याइतकं दुसरं काही जमत नाही, असं माझं मत. केझश्पेत्सलं म्हणजे चीजमध्ये घोळलेल्या छोट्या शेवया, वर तळलेला कांदा. अंडं असतं, हे लक्षात ठेवा. मशरूमच्या पांढऱ्या रस्स्यात पावाचा गोळा घातलेली डिशही बहुतेक ठिकाणी असते. राइबरडात्शी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं तळलेलं धिरडं, ते सफरचंदाच्या मुरंब्यासोबत देतात. आणि राडी, म्हणजे सलग लांब चकत्यांत कापलेला पांढरा मुळा मिठासह. बिअरला मुळा, हे आपल्याला कधी सुचलं नाही, पण तोंड स्वच्छ होतं.

फसवे पदार्थ दोन. आंबट कोबी बरेचदा डुकराच्या चरबीत किंवा बेकनसोबत शिजवलेला असतो, आणि पावाच्या गोळ्यातही कधी बेकन असतं. ‘ओनं फ्लाइश?’ म्हणजे मांसाशिवाय का, असं विचारा. श्वाइन म्हणजे डुक्कर, रिंट म्हणजे गाय-बैल, हे दोन शब्द मेनूत ओळखता आले की पुरे. जैन मित्रांसाठी मात्र तिथे फार काही नाही. त्यांनी शहरात जेवून यावं आणि मैदानात भाजलेले साखरबदाम खावेत.

मैत्रिणी सोबत असतील तर, आणि परतताना

तंबूत बहुतेक वेळ मजेतच जातो, पण संध्याकाळी दारू चढलेल्या पुरुषांचा त्रास होऊ शकतो. कुणालाही एकटं सोडू नका, बिअरचा मग नजरेआड ठेवू नका. शॉटेनहामेल तंबूच्या मागे असलेल्या सेवा केंद्रात मुली आणि स्त्रियांसाठी ‘सेफ स्पेस’ आहे. हरवलेला फोन, चुकलेले मित्र, नको असलेली माणसं, कशासाठीही तिथे जाता येतं आणि तिथल्या कार्यकर्त्या घरी पोचवायची व्यवस्थाही बघतात. प्रथमोपचार आणि हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय त्याच परिसरात. आणीबाणीला ११२, पोलिसांना ११०.

भाड्याची ई-स्कूटर घेऊ नका. तिला मोटारीचेच दारूचे नियम लागू आहेत, रक्तात ०.५ प्रति हजारची मर्यादा, आणि दोन मगांनंतर तुम्ही बहुधा तिच्यापलीकडे असता. पोलीस आसपास उभेच असतात. परदेशात असा गुन्हा नोंदवून घेणं पुढच्या व्हिसाला परवडत नाही.

बिअर रात्री १०.३० ला बंद होते आणि त्यानंतर तासाभरात बहुतेक तंबू रिकामे करतात. त्या वेळी मेट्रोचे जिने बंद-चालू करून गर्दी सोडतात, आउग्सबुर्गच्या गाड्यांत उभं राहायलाही जागा नसते. ११ ला आलेल्या टोळीने ५-६ ला उठावं. बाक सोडायला जीव होत नाही, पण तुमच्या मागे उभं राहून तो मिळायची वाट बघणारे दहा जण असतात. शहरात येऊन साधं जेवा. सुपरमार्केट रात्री ८ ला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, तेव्हा खोलीवरचं पाणी आणि दुसऱ्या दिवसाचा नाश्ता आधीच भरून ठेवा.

तारखा जुळल्या नाहीत तर

श्टुटगार्टचा कानश्टाट्टर फोल्क्सफेस्ट १८१८ पासून भरतो, साधारण याच दिवसांत सुरू होऊन ऑक्टोबरच्या मध्याला संपतो. तंबू, मग, बँड सगळं तसंच, परदेशी गर्दी बरीच कमी. म्युनिकमध्ये त्याच थेरेसिएनवीझंवर एप्रिल-मेमध्ये वसंतोत्सव होतो, लहान आणि निवांत. ऑगस्टमध्ये युरोपात असाल, तर श्ट्राउबिंगचा गॉयबोडन उत्सव. मला यांत सगळ्यात जवळचा वाटतो तो न्युर्नबर्गजवळच्या एरलांगेनचा बेर्गकिर्शवाय. तो १७५५ पासून, म्हणजे ऑक्टोबरफेस्टच्याही आधीपासून चालत आला आहे आणि ख्रिस्ती पेंटेकॉस्टच्या सुमारास, मे-जूनमध्ये, टेकडीच्या उतारावर मोठ्या झाडांखाली भरतो. बिअर टेकडीच्या पोटातल्या जुन्या तळघरांवर मिळते, तंबू नाहीत. पेंटेकॉस्टची तारीख दरवर्षी सरकते, तेव्हा विमानाआधी ती बघा, आणि न्युर्नबर्गला मुक्काम करून लोकलने जा. तिथेही संध्याकाळी गर्दी होते, पण दुपारी २-३ ला गेलात तर पाच जणांना एकत्र बसायला बाक मिळतो.